शिडी चावते तेव्हा

गेल्या मे महिन्यातली दुपार. तलावात पाच मुलं, काठावर मी. माझा आठ वर्षांचा नातू बाहेर यायला निघाला. ओल्या हाताने त्याने स्टीलच्या शिडीचा दांडा धरला, एक पाय फरशीवर टेकवला आणि हात झटकत म्हणाला, "आजी, शिडी चावतेय."

एकतीस वर्षं मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. त्या दोन शब्दांचा अर्थ मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. "शिडीपासून लांब व्हा सगळे, कशालाही हात लावू नका," एवढं ओरडून मी घरात धावले, मेन स्विच खाली ओढला, इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. मग मुलांना उथळ बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून एकेक करून बाहेर घेतलं. माझे पाय थरथरायला लागले ते त्यानंतर.

आमचा बंगला लोणावळ्यात, वळवणच्या बाजूला. ह्याच वळवणच्या आणि आसपासच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली मुंबईला वीज पोचवली, म्हणजे पाणी आणि वीज यांचा संसार ह्या गावाला शंभराहून अधिक वर्षं परिचयाचा. आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, १९८३ साली घर बांधलं आणि दोन वर्षांनी मागच्या अंगणात तीस फूट बाय पंधरा फुटांचा पोहण्याचा तलाव. चाळीस वर्षं तिथे कुणाला काही झालं नाही. त्या 'काही झालं नाही'च्या आधारावर आम्ही सगळे निर्धास्त होतो.

दिवाळीनंतर तलावाच्या विजेच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं ते एप्रिलपर्यंत चाललं. एकेक भिंत, एकेक पेटी उघडत गेलो तसं मला दिसत गेलं की अण्णांनी केलेलं काम त्या काळाच्या मानाने चोख होतं. मात्र दर काही वर्षांनी घरातल्या कुणीतरी, अगदी शहाणपणाच्या कारणासाठी, त्यातला एकेक आधार काढून घेतला होता, आणि काढणाऱ्याला आपण काय काढतोय ते माहीत नव्हतं. ह्या भागात, कर्जतला, अलिबागकडे तीस-चाळीस वर्षं जुने असे तलाव बरेच आहेत. त्यांच्या मालकांसाठी, आणि त्याहून जास्त तिथे पोहणाऱ्या मुलांसाठी, मी शिकलेलं लिहून ठेवते आहे.

१. झिणझिण्या आल्या की त्या दिवसापासून तलाव बंद.

माणसाला साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. दहाच्या पुढे गेला की स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे काही क्षण टिकला तर श्वास आणि हृदय धोक्यात. जमिनीवर शॉक बसलेला माणूस ओरडतो, फेकला जातो, कुणाच्या तरी लक्षात येतं. पाण्यात हातपाय आखडले की तो आवाज न करता खाली जातो आणि काठावरच्यांना वाटतं, बुडी मारली असेल. झिणझिण्या आणि बुडणं ह्यांच्यात इतकं कमी अंतर आहे.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या माळीकाकांना त्याआधीच्या पावसाळ्यात दोनदा शिडी 'लागली' होती. त्यांनी रबरी चपला घालून तलाव साफ करायला सुरुवात केली. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. हे मला अजून बोचतं. तलावाच्या तब्येतीबद्दल पहिला प्रश्न तो रोज साफ करणाऱ्या माणसाला विचारायचा.

२. टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नव्हे.

पहिल्यांदा आलेल्या वायरमनने खिशातला टेस्टर शिडीला लावला, दिवा पेटला नाही, "काही नाही, अंगातली वीज असेल," म्हणून तो निघाला. त्या वेळी पंप बंद होता. पंप चालू असताना तपासायला हवं, आणि पाण्यात कुणी नसताना, एवढीही गोष्ट त्याने केली नाही.

दुसऱ्यांदा आम्ही परवानाधारक ठेकेदाराकडे गेलो. असं काम परवाना असलेल्या ठेकेदाराने आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतच आहे. परवाना दाखवा म्हणायला संकोच वाटतो; तो बाजूला ठेवायचा. वडगाव मावळचा तरुण सुपरवायझर आला, त्याने न विचारताच दाखवला. त्याच्या पिशवीत टेस्टर होता, शिवाय मेगर होता आणि अर्थिंग मोजायचं यंत्रही होतं.

मेगर म्हणजे वायरवरच्या आवरणाची परीक्षा. पाचशे व्होल्ट डीसी लावून आवरण किती रोध करतं ते मोजतात; आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या मंडलाला तो निदान एक मेगओहम यावा. आमच्या पंपाच्या मोटरचा आला ०.०५, म्हणजे पन्नास हजार ओहम. मी तिथेच वहीत भागाकार केला. २३० भागिले ५०,०००, साडेचार मिलिअँपिअरच्या आसपास. चाळीस वर्षांच्या दमटपणाने मोटरच्या वेटोळ्यांचं आवरण सैल पडलं होतं आणि एवढा प्रवाह पंपाच्या लोखंडी अंगावर येत होता. त्यातला थोडा नातवाच्या हातातून गेला. पावसाळा सुरू झाला असता तर पन्नास हजारांचे पाच हजार व्हायला वेळ लागला नसता.

आणि फ्यूज? पंपघरात अण्णांच्या वेळचा चिनी मातीचा किटकॅट होता, पंधरा अँपिअरचा. साडेचार मिलिअँपिअरच्या तीन हजार पटींहून जास्त प्रवाह गेल्याशिवाय त्याला काही कळणारही नव्हतं. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. फ्यूजच्या जागी आता बसतो त्या एमसीबीचंही तेच.

३. अर्थिंगच्या तारेचं दुसरं टोक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता मुख्य प्रश्न. मोटर गळत होती हे खरं, पण गळलेला प्रवाह शिडीपर्यंत आला कसा? पंपाला अर्थिंगची तार होती. शिडीलाही होती. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या, आठ नंबरच्या जाड जीआय तारेने, नीट आवळून. अण्णांनी करून घेतलेलं काम, आणि बरोबर काम.

सुपरवायझर ती तार हाताने चाचपत चालत गेला. पंपघरातून न्हाणीघराच्या मागे, तिथून भिंतीतल्या नळाच्या पाइपापर्यंत. तिथे पितळी पट्टा होता, पट्ट्यात लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा होता, आणि त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. शेजारून पांढरा प्लास्टिकचा पाइप गेला होता. सुपरवायझर उठून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काकू, ह्या तारेला टोकच नाही."

त्या काळी जमिनीत गाडलेल्या लोखंडी नळालाच अर्थिंग जोडायची पद्धत घरोघर होती. नळ शेकडो फूट ओल्या मातीतून जायचा, अर्थिंग उत्तम मिळायचं. २००६ साली आमच्या धाकट्या दिरांनी गंजलेले नळ काढून सीपीव्हीसीचे घातले. पाणी स्वच्छ येऊ लागलं, आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. प्लंबरने पाइप कापला, अर्थिंगचा पट्टा भिंतीत तसाच राहिला. त्या दिवशी सबंध घराचं अर्थिंग गेलं आणि एकही दिवा विझला नाही. अर्थिंग नसलं तरी सगळं छान चालतं, हीच त्यातली मोठी फसवणूक.

आणि गेलेलं अर्थिंग निरुपद्रवीही राहत नाही. तारेचं टोक जमिनीत पोचत नसेल तर ती तार घरातल्या एका वस्तूतला दोष बाकी सगळ्यांना वाटत सुटते. पंपाचं अंग, शिडी, कपडे बदलायच्या खोलीतला गीझर, सगळं एका माळेत. जी तार जीव वाचवायला घातली होती तिनेच पंपातला प्रवाह शिडीपर्यंत आणून दिला.

तुमच्याकडे नळ बदलले असतील, आणि गेल्या वीस वर्षांत ते बऱ्याच जणांनी बदलले आहेत, तर आजच ही तार कुठे जाते ते शोधा. आणखी एक. अर्थिंग मिळत नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थिंगची तार जोडून देणारे कारागीर भेटतात. बाहेर कुठे न्यूट्रल तुटलं की त्या घरातला प्रत्येक धातू फेज होतो. असं काम करू म्हणणाऱ्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

४. सह्याद्रीच्या दगडात अर्थिंगचा खड्डा.

आमच्याकडे चार फुटांवर काळा पाषाण लागतो. पुस्तकात खड्डा, मीठ, कोळसा आणि तीन मीटरचा पाइप असतो. इथे पहारीने ठिणग्या उडतात. शेवटी ड्रिल आणून दगडात भोक घेतलं, पाइपाभोवती बेंटोनाइट भरलं. मोजमाप आलं ३८ ओहम. सुपरवायझरने उताराच्या बाजूला, जिथे मोरीचं पाणी मुरतं तिथे, आणखी दोन घेतले, एकमेकांपासून सहा मीटर लांब. दोन खड्डे जवळजवळ घेतले तर ते एकाच मातीवर भार टाकतात आणि दुसऱ्याचा फायदा निम्मा होतो. तिन्ही पट्टीने जोडल्यावर आकडा १४ वर उतरला.

वायरमन मंडळी "पाचाच्या आत आणा" म्हणतात. मी हिशेब मांडला. ३८ ओहमच्या अर्थिंगमधून फेज थेट जमिनीत गेली तरी प्रवाह सहा अँपिअर. सोळाचा एमसीबी त्यावर दिवसभर शांत बसेल आणि शिडी दिवसभर जिवंत राहील. म्हणजे डोंगराळ भागात नुसत्या अर्थिंगवर आणि एमसीबीवर विसंबता येत नाही. तिथे पुढचा मुद्दा लागतो.

५. आरसीसीबी ट्रिप होतो तेव्हा त्याचं ऐका.

फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. फरक पडला तर तो कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी शरीरातून, जमिनीत जातोय. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा फरक मोजतो आणि सेकंदाच्या तीन दशांशांच्या आत पुरवठा तोडतो. फरक मोठा असेल तर त्याहून खूप आधी. जुने लोक ह्याला अजून ईएलसीबी म्हणतात. शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचेही मिळतात. ते आगीपासून बचावासाठी. तलावासाठी तीसच. दुकानात डबीवरचा आकडा वाचून घ्यायचा.

आमच्याकडे २०११ साली एक आरसीसीबी बसला होता, हे मला कामाच्या वेळी समजलं. मेन पेटीत होता, आणि त्याच्या आत येणारी वायर सरळ बाहेर जाणाऱ्या वायरीला जोडलेली. म्हणजे नुसता डबा. कारण त्याच वर्षी आम्ही इन्व्हर्टर घेतला. इन्व्हर्टरच्या दिव्यांची फेज वेगळ्या वाटेने आली, न्यूट्रल मात्र सगळ्यांचं एकच राहिलं. हिशेब जुळेना, आरसीसीबी सारखा पडू लागला, घरात पाहुणे होते, आणि कुणीतरी तो जोडून टाकला. पाहुण्यांसमोर अंधार नको म्हणून. मी तेव्हा घरात होते. पदार्थविज्ञान शिकवणारी मी, पण पुन्हा लाईट आली एवढ्यावर मी समाधान मानलं. ह्या सगळ्या यादीतली ही चूक माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे, म्हणून ती सगळ्यात तळमळीने सांगते. सारखा पडणारा आरसीसीबी तुमच्याशी बोलत असतो. न्यूट्रलची गफलत असेल किंवा खरी गळती असेल. दोन्ही शोधून काढायच्या असतात.

उपाय अवघड नव्हता, वेळ खाणारा होता. इन्व्हर्टरच्या मंडलांचं न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर घेतलं, त्यांना त्यांचा वेगळा आरसीसीबी. तलावाचा पंप, काठावरचे दिवे आणि कपडे बदलायच्या खोलीचा गीझर यांना एकेक स्वतंत्र, म्हणजे एक पडला तर घर अंधारात जात नाही आणि कुणाला तो 'जोडून टाकावा' वाटत नाही. तलावाचं काहीही इन्व्हर्टरवर ठेवलं नाही. लाईट गेली की पाण्याबाहेर यायचं, हा घरचा नियम झाला.

आरसीसीबी आहे म्हणून बाकीचं ढिलं सोडू नये. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर त्याला फरक दिसत नाही. तोडायच्या आधीचा झटका तर बसतोच. आणि आत पाली-मुंग्या जाऊन, गंज चढून तो अडकूही शकतो, म्हणून त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आमच्याकडे एक तारखेला.

६. पाण्यातल्या दिव्याचा हिशेब.

हा भाग मला सगळ्यात जास्त हादरवून गेला. अण्णांनी तलावाच्या भिंतीत दोन दिवे बसवले होते, कोनाड्यात, जाड काचेमागे. मूळचे बारा व्होल्टचे, प्रत्येकी तीनशे वॅटचे, ट्रान्सफॉर्मर पंपघरात. अगदी योग्य. सुपरवायझरने मोजले तर दिव्यांवर २३० व्होल्ट. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात धूळ खात पडलेला.

असं कुणी का करेल? वहीत आकडेमोड केल्यावर कळलं. तीनशे वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे पंचवीस अँपिअर. पंपघर ते दिवा वीस मीटर, जाऊन-येऊन चाळीस मीटर वायर, चार चौरस मिलिमीटरची. एवढ्या लांबीत बारापैकी साडेतीन-चार व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिवे पिवळे, मंद लागत असणार. १९९६ मध्ये घरात लग्न होतं, रोषणाई हवी होती. कुणीतरी त्याच आकाराचे २३० व्होल्टचे दिवे आणले, ट्रान्सफॉर्मर वगळला, दिवे झगझगीत लागले. पाणी आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये त्यानंतर उरलं होतं ते एक रबरी गास्केट. कोनाडा उघडला तेव्हा ते बोटाने चुरगळलं.

आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०३६४ च्या तलावांसाठीच्या ७०२ क्रमांकाच्या भागात, पाण्याच्या आत जास्तीत जास्त बारा व्होल्ट एसी किंवा तीस व्होल्ट डीसी अशी मर्यादा आहे, आणि तो पुरवठा देणारा स्रोत तलावापासून दूर. आता एलईडीमुळे ती पाळणं सोपं झालं आहे. आमचे नवे दिवे अठरा वॅटचे, दीड अँपिअर घेतात, वायरीत पाव व्होल्ट जेमतेम पडतो. ज्या अडचणीमुळे १९९६ मध्ये तो घोळ झाला, ती अडचणच आज उरलेली नाही.

ट्रान्सफॉर्मर मात्र आयसोलेटिंग हवा, दोन्ही वेटोळी एकमेकांपासून पूर्ण अलग असलेला. ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळं एकच असतं, त्यामुळे बारा व्होल्ट मोजले तरी त्या वायरीचं फेजशी नातं तुटलेलं नसतं. स्वस्त एलईडी ड्रायव्हरमध्येही काही असे असतात. आणि बारा व्होल्टच्या बाजूची कुठलीही वायर अर्थिंगला जोडायची नाही. अलग ठेवण्यातच तिचं संरक्षण आहे.

केबल एकसंध ठेवावी, कोनाड्यात जोड नको. जोड काठावर, पाण्याच्या पातळीच्या वर, रेझिन ओतून बंद केलेल्या पेटीत. केबलच्या आवरणाला चीर पडली तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून, वातीतून तेल चढावं तसं, मीटरच्या मीटर चढत जातं. आमच्या जुन्या पेटीत पाणी वरून आलंच नव्हतं, ते केबलमधून आलं होतं.

एक सावधगिरी ह्याच कामाबद्दल. दिवा काढायला सगळा तलाव उपसायची गरज नसते, दिव्याखाली वीतभर पातळी उतरवली की पुरते. भर पावसाळ्यात तर रिकामा करूच नये. बाहेर जमिनीत पाणी भरलेलं असतं, रिकाम्या तलावाला ते खालून उचलतं आणि तळ फुटतो.

७. अंतर टेपने मोजायचं.

आयईसीच्या त्याच मानकानुसार पाण्याच्या कडेपासून दोन मीटर हा एक पट्टा, पुढे दीड मीटर हा दुसरा, आणि दोन्ही अडीच मीटर उंचीपर्यंत. पहिल्या पट्ट्यात घरगुती सॉकेट नकोच. आमच्याकडे गाणी लावायला काठापासून चार फुटांवर एक होतं. ते काढून टाकलं. दुसऱ्या पट्ट्यात असेल तर तीस मिलिअँपिअरच्या संरक्षणाखाली. एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलफॅन, चार्जिंगला लावलेला मोबाइल, समारंभातल्या डेकोरेटरच्या माळा, ह्या सगळ्यांना हीच टेप लागू. डेकोरेटरला मी आधीच फोनवर सांगते, म्हणजे आयत्या वेळी वाद होत नाही.

८. क्लोरीन आणि वीज एका खोलीत नको.

पंपघरातच आम्ही क्लोरीनची पावडर आणि ॲसिडचे कॅन ठेवत होतो. सोयीचं होतं. पेटी उघडली तेव्हा तांब्याच्या पट्ट्या हिरव्या आणि स्क्रू हाताने फिरवले तर भुगा. जोड सैल होतात, तापतात. शिवाय ही दोन रसायनं एकमेकांजवळ ठेवणं हाच मोठा धोका आहे, त्यांच्या मिलापातून विषारी वायू सुटतो. आता रसायनं वेगवेगळ्या, हवेशीर जागी, कुलपात. विजेची पेटी पंपघराबाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला, जमिनीपासून पाच फूट. काही बंद करायचं झालं तर ओल्या, खोलगट खोलीत उतरावं लागत नाही.

तिथपर्यंतची केबल आर्मर्ड घेतली, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटा. जुनी वायर नुसत्या पीव्हीसी पाइपातून वीतभर खोल गेली होती आणि घुशींनी दोन ठिकाणी कुरतडली होती.

९. सगळ्या धातूंना एका पातळीवर आणा.

तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक का बसत नाही, हा प्रश्न मी दर वर्षी सातवीच्या वर्गात विचारायचे. दोन्ही पाय एकाच विद्युत पातळीवर, म्हणून. तलावातही तेच साधायचं असतं. शिडी, कठडे, पंपाचं अंग, धातूचे पाइप, काँक्रीटमधल्या सळ्या, हे सगळं तांब्याच्या वायरीने एकमेकांना जोडायचं, निदान चार चौरस मिलिमीटरच्या. मग कुठे दोष आला तरी हात आणि पाय यांच्यात फरक उरत नाही. नातवाचा हात शिडीवर होता आणि पाय फरशीवर. दोघांची पातळी वेगळी होती, एवढंच घडलं होतं.

जुन्या तलावात सळ्यांपर्यंत पोचणं कठीण. आम्ही फरशी बदलतानाच दोन ठिकाणी काँक्रीट फोडून सळ्या उघड्या केल्या आणि जोडून घेतल्या. फरशी बदलायचा विचार असेल तर हे काम त्याच वेळी उरकावं, नंतर कुणी नवी फरशी फोडत नाही. आणि ही जोडणी करण्याआधी तिसऱ्या मुद्द्यातलं टोक जमिनीत पोचलेलं असायला हवं.

१०. पैसे टप्प्याटप्प्याने येत असतील तर.

आमचेही तसेच आले. पहिल्या दिवशी, जवळजवळ फुकटात, पाण्यातल्या दिव्यांची वायर कापून टोकं बंद केली आणि पंपाचा पुरवठा तोडला. पाणी हिरवं झालं तर होऊ दिलं. मग अर्थिंग आणि आरसीसीबी. मग पंप आणि केबल. दिवे शेवटी. शोभेचं काम आधी आणि जमिनीखालचं नंतर, असा क्रम कुणी सुचवला तर ऐकू नये. प्रत्येक टप्प्याचे मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे तारखेसकट लिहून घेतले. ती वही आता मेन पेटीच्या झडपेआड लटकते. वीस वर्षांनी जो कुणी नळ बदलेल त्याच्यासाठी पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की अर्थिंगची तार कुठून कुठे जाते.

११. माणसांची तयारी.

पाण्यात कुणाला शॉक बसतोय असं वाटलं तर उडी मारायची नाही. आईबापांना हे सगळ्यात अवघड जातं, म्हणून आधी बोलून ठेवायचं. आधी पुरवठा तोडायचा, मग टायर किंवा फायबरचा लांब दांडा टाकून ओढायचं, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. पेटीवर लाल रंगात 'तलाव बंद' असा एकच मोठा स्विच आम्ही लावला. घरातली सगळी मुलं, स्वयंपाकाच्या मावशी, माळीकाका, सगळ्यांनी तो एकदा स्वतः ओढून पाहिला आहे. नातवाने चार वेळा.

एप्रिलच्या शेवटी सुपरवायझरने अखेरचे आकडे घेतले, पाणी भरलं, मुलं पुन्हा पोहायला लागली. माळीकाकांना मी सांगितलं होतं की काहीही वेगळं वाटलं, कितीही बारीक, तरी फोन करायचा, रात्री-अपरात्री. परवा सकाळी साडेसहाला आमच्या पुण्याच्या घरी फोन वाजला.

"बाई, पंप येगळाच वाजतोय. लागत न्हाई कुठं, पर आवाज येगळा हाय."

"तो लाल स्विच ओढा काका," मी म्हटलं. "आणि पाण्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका. मी निघते."

"वडला बी," ते म्हणाले. "तुम्ही या सावकाश."